मास्टर्स जिंकणारा मास्तर : क्लॉड हार्मन

गोल्फच्या खेळात ‘प्रोफेशनल’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. त्यातला एक आपल्या परिचयाचा आहे. दूरचित्रवाणीवर दिसणारा, गावोगावच्या स्पर्धा खेळणारा आणि बक्षिसांच्या रकमेवर जगणारा खेळाडू म्हणजे प्रोफेशनल. दुसरा प्रोफेशनल फारसा कोणाच्या नजरेस पडत नाही. तो एखाद्या क्लबचा पगारी सेवक असतो. सभासदांना खेळ शिकविणे, त्यांच्या काठ्या दुरुस्त करून देणे, क्लबच्या आवारातील दुकान सांभाळणे, स्पर्धांचे वेळापत्रक आखणे, मदतनीस व कॅडी यांच्यावर देखरेख ठेवणे ही त्याची कामे. आपल्याकडील जुन्या जिमखान्यांत टेनिस, स्क्वॉश किंवा बिलियर्ड्स शिकविणारा ‘मार्कर’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या माणसाची कल्पना सहज यावी. खेळातले त्याला सारे कळते, पण नाव मात्र दुसऱ्यांचे होते.

अमेरिकेतील अशा क्लब प्रोफेशनलांच्या इतिहासात क्लॉड हार्मन यांचे स्थान वेगळे आहे. १९४८ मध्ये त्यांनी ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा जिंकली आणि नंतर ते पुन्हा आपल्या क्लबच्या नोकरीवर रुजू झाले. गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एखादी जिंकणारा अखेरचा क्लब प्रोफेशनल असा त्यांचा उल्लेख आजही केला जातो. परंतु त्यांची खरी कमाई त्या एका आठवड्यापुरती मर्यादित नव्हती. पुढील तीस वर्षांत त्यांच्या हाताखाली जी माणसे घडली आणि त्यांच्या चार मुलांनी जो वारसा चालविला, त्यामुळे अमेरिकी गोल्फच्या शिक्षणपरंपरेतील ते एक मूळपुरुष ठरले.

पेशाची जडणघडण

यूजीन क्लॉड हार्मन यांचा जन्म १४ जुलै १९१६ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे झाला. योगायोग असा की, ज्या संघटनेने क्लब प्रोफेशनलांना समाजात मान मिळवून दिला, त्या ‘प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ म्हणजेच पीजीएची स्थापनाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे झाली. डिपार्टमेंट स्टोअर चालविणाऱ्या घराण्यातील रॉडमन वानामेकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्याच वर्षी पहिली पीजीए अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि जिम बार्न्स यांनी ती जिंकली.

त्या काळी प्रोफेशनलांची सामाजिक स्थिती काय होती, हे समजून घेतल्याशिवाय हार्मन यांच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही. श्रीमंत सभासदांच्या क्लबांमध्ये प्रोफेशनल हा नोकरवर्गात मोडत असे. क्लबच्या मुख्य इमारतीत त्याला प्रवेश नसे. कपडे बदलण्याची व्यवस्थाही अन्यत्र केलेली असे. १९२० मध्ये इंग्लंडमधील डील येथे ब्रिटिश ओपन खेळावयास गेलेल्या वॉल्टर हेगन यांना क्लबहाऊसचे दार बंद असल्याचे आढळले. तेव्हा त्यांनी भाड्याची आलिशान मोटार दारासमोर उभी करून तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी ओहायो राज्यातील टोलीडो येथील इनव्हर्नेस क्लबने अमेरिकन ओपनसाठी आलेल्या प्रोफेशनलांना क्लबहाऊस खुले केले. त्याची जाण ठेवून खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबला एक उंच घड्याळ भेट दिले. मानाची ही वागणूक किती दुर्मीळ होती, हे त्या भेटीवरूनच ध्यानात यावे.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गोऱ्या प्रोफेशनलांसाठी क्लबांची दारे हळूहळू किलकिली होत असताना कृष्णवर्णीयांसाठी मात्र ती बंदच राहिली. पीजीएच्या घटनेतील केवळ गोऱ्यांना सभासदत्व देणारे कलम १९६१ पर्यंत कायम होते. कॅडी म्हणून ज्यांनी मैदानांचा इंचन्इंच पायाखाली घातला, त्यांना तेथे शिक्षक होण्याची वाट नव्हती. हार्मन यांच्या पिढीचे कर्तृत्व मोजताना हे वास्तव विसरता येत नाही.

दोन क्लब, दोन ऋतू

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस मॅमरोनेक येथे विंग्ड फूट हा नामांकित क्लब आहे. ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांनी आखलेली त्याची ईस्ट आणि वेस्ट ही दोन्ही मैदाने १९२३ मध्ये खुली झाली. १९४१ मध्ये मास्टर्स आणि अमेरिकन ओपन अशा दोन्ही स्पर्धा जिंकणारे क्रेग वूड हे या क्लबचे प्रोफेशनल होते आणि हार्मन यांनी त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून उमेदवारी केली. १९४५ मध्ये मुख्य प्रोफेशनलपद हार्मन यांच्याकडे आले. ते १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षे, त्यांच्याकडे राहिले.

न्यूयॉर्कच्या परिसरात हिवाळ्यात बर्फ पडते आणि मैदाने बंद होतात. त्यामुळे उत्तरेकडील अनेक प्रोफेशनल थंडीचे महिने दक्षिणेकडील क्लबांत काढीत. हार्मन यांनी हिवाळ्यासाठी फ्लोरिडातील सेमिनोल हा क्लब धरला. डोनाल्ड रॉस यांनी आखलेले हे समुद्रकाठचे मैदान वाऱ्यासाठी आणि वाळूच्या बंकरांसाठी प्रसिद्ध आहे. मास्टर्सपूर्वी बेन होगन तेथे येऊन मुक्काम ठोकीत आणि दिवसचे दिवस सराव करीत. साहजिकच होगन यांच्यासारख्या खेळाडूबरोबर खेळण्याची, त्यांचा फटका जवळून निरखण्याची संधी हार्मन यांना दरवर्षी लाभत असे. सेमिनोलवर हार्मन यांनी एका फेरीत ६० फटक्यांचा विक्रम नोंदविला होता. वाळूतून चेंडू अलगद काढण्याच्या त्यांच्या कौशल्याची ख्याती सर्वदूर होती. पुढे ते हिवाळ्यात कॅलिफोर्नियातील रँचो मिराज येथील थंडरबर्ड क्लबवर जाऊ लागले.

या ऋतुचक्राचा एक फायदा असा झाला की, मास्टर्स स्पर्धा येई ती नेमकी एप्रिलमध्ये. हिवाळाभर उबदार हवेत हात चालू राहिलेला आणि न्यूयॉर्कचा हंगाम सुरू व्हावयाचा असलेला, अशा नेमक्या वेळी हार्मन ऑगस्टाला पोहोचत. वर्षातील उरलेल्या बहुतेक स्पर्धांच्या वेळी मात्र ते सभासदांच्या तैनातीत असत.

१९४८ चा एप्रिल

ऑगस्टाच्या मैदानावर हार्मन यांचे नाव १९४७ मध्येच चर्चेत आले होते. तेथील बारावा होल हा खेळाडूंच्या काळजाचा ठोका चुकविणारा. अंतर अवघे १५५ यार्ड, पण समोर ओढा, मागेपुढे बंकर आणि वाऱ्याची दिशा क्षणाक्षणाला बदलणारी. त्या वर्षी होगन यांच्या समवेत खेळताना हार्मन यांनी तेथे एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये टाकला. स्वतःच्या खेळात बुडून गेलेल्या होगन यांनी त्याच होलवर दोन फटक्यांत बर्डी केली आणि पुढे चालताना ते आपल्या बर्डीविषयीच बोलत राहिले, सोबत्याच्या पराक्रमाची त्यांना दखलही नव्हती, असा किस्सा गोल्फविश्वात वर्षानुवर्षे रंगवून सांगितला जातो.

पुढच्या वर्षी मात्र दखल न घेणे कोणालाच शक्य झाले नाही. ३१ वर्षांच्या हार्मन यांनी चार फेऱ्यांत ७०, ७०, ६९ आणि ७० असे फटके घेतले. एकूण २७९, म्हणजे पारपेक्षा नऊ कमी. राल्फ गल्डाल यांनी १९३९ मध्ये केलेल्या स्पर्धा-विक्रमाशी त्यांनी बरोबरी केली. दुसरे आलेले केरी मिडलकॉफ पाच फटक्यांनी मागे राहिले. मास्टर्समधील तोवरचे हे सर्वांत मोठे मताधिक्य होते. मिडलकॉफ हे शिक्षणाने दंतवैद्य. पुढे त्यांनी दोनदा अमेरिकन ओपन आणि एकदा मास्टर्स जिंकली. म्हणजे हार्मन यांनी मागे टाकलेला प्रतिस्पर्धी लेचापेचा नव्हता. चारही दिवसांच्या आकड्यांतील सातत्य पाहिले, तर एखाद्या दिवशी नशिबाने साथ दिली आणि स्पर्धा हाती आली, असेही म्हणता येणार नाही.

या विजयाबद्दल हार्मन यांना अडीच हजार डॉलर मिळाले. विजेत्याला हिरवे जॅकेट देण्याची प्रथा पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, सॅम स्नीड यांच्यापासून सुरू झाली. आधीच्या विजेत्यांना ते त्यानंतर देण्यात आले.

फिरस्तीऐवजी नोकरी

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. इतक्या ताकदीच्या खेळाडूने पूर्णवेळ स्पर्धा का खेळल्या नाहीत? त्याचे उत्तर त्या काळच्या अर्थकारणात दडलेले आहे. १९४८ मध्ये बक्षिसांची सर्वाधिक कमाई केली ती बेन होगन यांनी आणि ती होती सुमारे ३२ हजार डॉलर. हा सर्वांत यशस्वी खेळाडूचा आकडा. पहिल्या काहींनंतर रकमा झपाट्याने घटत जात. प्रवास, निवास, जेवण, कॅडीची बिदागी हा सारा खर्च खेळाडूने स्वतः सोसावयाचा. आठवडाभर खेळून काहीच हाती न लागण्याचा प्रसंग तर नित्याचा. याउलट नामांकित क्लबची नोकरी म्हणजे शिकवणीचे शुल्क, दुकानाचे उत्पन्न आणि एकाच गावात स्थिर संसार. घरात मुले असलेल्या माणसाने यांतील दुसरी वाट निवडली, तर त्याला महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणता येणार नाही.

म्हणूनच मास्टर्स जिंकूनही हार्मन विंग्ड फूटवर परतले. मात्र मोजक्या स्पर्धांत उतरून आपला दर्जा ते पुनःपुन्हा सिद्ध करीत राहिले. पीजीए अजिंक्यपद स्पर्धा त्या काळी मॅच प्ले पद्धतीने, म्हणजे कुस्तीप्रमाणे एकास एक अशा लढतींनी, खेळली जाई. तिची उपांत्य फेरी त्यांनी तीनदा गाठली. १९४५ मध्ये त्यांना रोखले ते बायरन नेल्सन यांनी. त्या वर्षी नेल्सन यांनी सलग ११ स्पर्धा जिंकण्याचा अतुलनीय विक्रम केला आणि ही स्पर्धाही त्याच मालिकेतील होती. १९४८ मध्ये हार्मन यांनी सॅम स्नीड यांच्यासारख्या दिग्गजाला दीर्घ झुंजीनंतर हरविले. पण उपांत्य सामन्यात माइक टर्नेसा यांच्याकडून ते निसटत्या फरकाने पराभूत झाले. १९५३ मध्ये वॉल्टर बर्केमो यांनी त्यांना हरविले आणि पुढे अजिंक्यपद पटकाविले.

हार्मन यांच्या उत्तर कारकिर्दीतील सर्वांत हृद्य कामगिरी १९५९ ची. त्या वर्षी अमेरिकन ओपन खुद्द विंग्ड फूटवर भरली होती. यजमान क्लबचा प्रोफेशनल म्हणून हार्मन यांच्यामागे शंभर व्यवधाने असणार हे उघड होते. तरीही ४२ व्या वर्षी त्यांनी २८४ फटक्यांसह संयुक्त तिसरे स्थान मिळविले. विजेते बिली कॅस्पर त्यांच्यापेक्षा केवळ दोन फटक्यांनी पुढे होते. आणि तिसऱ्या स्थानावर हार्मन यांच्या बरोबरीने कोण होते? माइक सोउचॅक. कोणे एके काळी विंग्ड फूटवर हार्मन यांचेच सहायक राहिलेले! गुरू आणि शिष्य एकाच पायरीवर उभे असल्याचे असे दृश्य क्रीडाक्षेत्रात क्वचितच पाहावयास मिळते.

विंग्ड फूटची शाळा

सहायक प्रोफेशनलची नोकरी ही वास्तविक कष्टाची. पहाटे दुकान उघडावयाचे, सभासदांच्या पिशव्या लावून ठेवावयाच्या, नवशिक्यांचे धडे घ्यावयाचे आणि उजेड उरला तर स्वतःचा सराव करावयाचा. हार्मन यांनी या नोकरीचे गुरुकुल केले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या जॅक बर्क यांनी १९५६ मध्ये मास्टर्स आणि पीजीए अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. डेव्ह मार यांनी १९६५ मध्ये पीजीए अजिंक्यपद मिळविले आणि नंतर दूरचित्रवाणीवरील समालोचक म्हणूनही नाव कमावले. सोउचॅक यांचा उल्लेख वर आलाच आहे. एका क्लबच्या दुकानात काम केलेल्या मुलांनी खेळातले सर्वोच्च किताब मिळवावेत, हा योगायोग खचितच नव्हे.

हार्मन यांच्या विद्यार्थ्यांत केवळ खेळाडू नव्हते. मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनीही त्यांच्याकडून धडे घेतले. परंतु प्रोफेशनलचा बहुतेक दिवस जातो तो सामान्य सभासदांबरोबर. त्यांचा फटका उजवीकडे का जातो, वाळूत चेंडू का रुततो, याचे निदान करण्यात. एकच दोष दहा माणसांत दहा कारणांनी उद्भवतो. त्यामुळे एकच साचा सर्वांना लावणारा शिक्षक येथे टिकत नाही. समोरच्याची शरीरयष्टी, वय आणि स्वभाव पाहून उपाय सुचविणे हेच या विद्येचे मर्म. ही विद्या हार्मन यांनी आपल्या चारही मुलांना दिली.

चार पुत्र, चार शिक्षक

थोरले क्लॉड ज्युनिअर, जे ‘बुच’ हार्मन या नावाने ओळखले जातात, ते जगातील सर्वांत ख्यातकीर्त प्रशिक्षकांपैकी एक झाले. व्हिएतनाम युद्धात सैनिक म्हणून जाऊन आलेल्या बुच यांनी प्रथम ग्रेग नॉर्मन यांना मार्गदर्शन केले. १९९३ मध्ये टायगर वूड्स हा किशोरवयीन खेळाडू ह्यूस्टन येथे त्यांच्याकडे आला आणि खेळाच्या इतिहासाला वळण मिळाले. १९९७ ते २००२ या काळात वूड्स यांनी जिंकलेल्या आठ प्रमुख स्पर्धांमागे बुच यांची शिकवण होती. नंतर फिल मिकलसन आणि डस्टिन जॉन्सन यांनीही त्यांच्याकडे धाव घेतली.

दुसरे पुत्र क्रेग यांनी वडिलांचाच मार्ग अक्षरशः गिरविला. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील ओक हिल या क्लबमध्ये ते १९७२ मध्ये मुख्य प्रोफेशनल झाले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले. या चार दशकांत त्या मैदानावर अमेरिकन ओपन, तीन पीजीए अजिंक्यपद स्पर्धा आणि १९९५ चा रायडर चषक असे मोठे सोहळे पार पडले. २००४ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रोफेशनल म्हणून पीजीएने त्यांचा गौरव केला. तिसरे पुत्र डिक यांनी ह्यूस्टनमधील रिव्हर ओक्स क्लबवर अध्यापन केले. २००६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. धाकटे बिली यांनी जे हास यांची कॅडी म्हणून दीर्घकाळ साथ केली आणि तेही पुढे शिक्षक झाले. एकाच घरातील चौघे भाऊ एकाच पेशात नावारूपाला यावेत, याचे श्रेय घरातील वातावरणाइतकेच विंग्ड फूटच्या सराव-मैदानालाही द्यावे लागेल.

स्वतः क्लॉड हार्मन यांचे २३ जुलै १९८९ रोजी ह्यूस्टन येथे वयाच्या ७३ व्या वर्षी निधन झाले.

‘अखेरचा’ हे विशेषण

हार्मन यांना लावले जाणारे ‘अखेरचा’ हे विशेषण थोडे तपासून घ्यावयास हवे. १९५५ मध्ये बेन होगन यांना प्लेऑफमध्ये हरवून अमेरिकन ओपन जिंकणारे जॅक फ्लेक हे आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट येथील सार्वजनिक मैदानांचे प्रोफेशनल होते. त्या काळातील अनेक विजेत्यांच्या नावापुढे कुठल्या ना कुठल्या क्लबचे नाव लागलेले दिसते. मात्र त्यांतील बरेच जण वर्षाचा मोठा भाग स्पर्धांच्या दौऱ्यावर असत. क्लबची नोकरी हेच मुख्य काम आणि स्पर्धा हे अधूनमधूनचे, अशा अर्थाने हार्मन यांचा दावा भक्कम ठरतो.

दोन्ही पेशांची फारकत १९६८ मध्ये पूर्ण झाली. दौऱ्यावरील खेळाडूंनी पीजीएपासून वेगळे होऊन आपली स्वतंत्र व्यवस्था उभारली. तीच आजची पीजीए टूर. दूरचित्रवाणीच्या पैशाने बक्षिसे वाढत गेली आणि खेळणारा व शिकविणारा यांच्यातील अंतरही वाढले. क्लब प्रोफेशनलांसाठी त्याच वर्षी स्वतंत्र राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तिच्यातील पहिल्या २० जणांना आज पीजीए अजिंक्यपदाच्या १५६ खेळाडूंच्या मैदानात उतरता येते. जुन्या नात्याची एवढीच खूण आता शिल्लक आहे. बहुतेक वेळा हे वीस जण दोन दिवसांतच बाद होऊन सोमवारी आपापल्या क्लबच्या कामावर हजर होतात.

अपवाद घडला तो मे २०२३ मध्ये आणि तोही क्रेग हार्मन यांच्या ओक हिलवर. कॅलिफोर्नियातील मिशन व्हिएहो येथील अरोयो ट्राबुको या सर्वांसाठी खुल्या असलेल्या मैदानाचे मुख्य प्रोफेशनल मायकेल ब्लॉक यांनी पहिल्या तिन्ही फेऱ्यांत ७० फटके घेतले. ४६ वर्षांच्या ब्लॉक यांना अखेरच्या दिवशी रोरी मॅकिलरॉय यांची जोड मिळाली. पंधराव्या होलवर १५१ यार्डांवरून त्यांनी मारलेला चेंडू टप्पा न घेता थेट होलमध्ये पडला आणि प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले. ते संयुक्त पंधरावे आले. १९८६ मध्ये लॉनी नील्सन संयुक्त अकरावे आले होते. त्यानंतरची क्लब प्रोफेशनलची ही सर्वोत्तम कामगिरी. ब्लॉक यांच्या वाट्याला सुमारे २ लाख ८८ हजार डॉलर आले. मात्र पुढच्याच आठवड्यात टेक्सासमधील स्पर्धेत ते पहिल्या फेरीत ८१ फटके घेऊन तळाशी गेले. आठवडाभराच्या त्या चढउतारात आजच्या काळाचे सारे गणित सामावलेले आहे. एक आठवडा दिग्गजांच्या बरोबरीने खेळणे क्लब प्रोफेशनलला अजूनही शक्य आहे. वर्षभर ते टिकविणे मात्र ज्याचा पूर्ण दिवस सरावात जातो, त्यालाच जमते.

ब्लॉक यांच्या पंधराव्या स्थानाचे अमेरिकेत जे अप्रूप झाले, त्यावरून हार्मन यांच्या पहिल्या स्थानाचे मोल कळते. परंतु हार्मन यांना केवळ विजेता म्हणून आठवणे अपुरे ठरेल. पीजीए ऑफ अमेरिकाचे सभासद आज सुमारे तीस हजारांच्या घरात आहेत. त्यांतील बहुसंख्यांची नावे कोणत्याही चषकावर कोरली जाणार नाहीत. आपल्या मुलाला काठी कशी धरावी हे पहिल्यांदा दाखविणारे हात मात्र त्यांचेच असतात. हार्मन यांनी आपल्या आयुष्याने त्या कामाला प्रतिष्ठा दिली. खेळता येते म्हणून शिकविणारे पुष्कळ असतात. शिकविणे हेच आपले काम मानून, त्यातून सवड काढून जगातील उत्तमोत्तम खेळाडूंना नमविणारा मास्तर गोल्फच्या इतिहासात त्यांच्यानंतर झाला नाही.